आम्ही खोकल्याकडे बघत राहिलो

गेल्या आठवड्यात आमच्या पतसंस्थेत एक आजी ठेवीची पावती मोडायला आल्या. मुदत संपायला चार महिने बाकी होते, व्याज बुडणार होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "नातवाला न्यूमोनिया झालाय, नाशिकला ठेवलंय." मी काउंटर सोडून बाहेर आले, त्यांना बाकावर बसवलं आणि विचारत राहिले. रेशनकार्ड जवळ आहे का, बाळाचं नाव त्यात आहे का, दवाखाना सरकारी आरोग्य योजनेत बसतो का. यातलं काहीच त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. जानेवारीत आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून आमच्या मुलीच्या, ओवीच्या, न्यूमोनियाचं सगळं तारीखवार लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मुद्दाम देत नाही, कारण ती प्रत्येक मुलाच्या वजनाप्रमाणे आणि आजाराप्रमाणे बदलतात.

ओवी तेव्हा सव्वादोन वर्षांची होती, वजन अकरा किलो. आमचं गाव लासलगावजवळ. जानेवारीत निफाड तालुक्यात थंडी कशी पडते हे इकडच्या माणसांना सांगायला नको. ५ जानेवारी २०२५, रविवार. पुतण्याचा वाढदिवस होता, घरभर पोरं. संध्याकाळी ओवी शिंकायला लागली. मंगळवारी ताप आला, १०१. सर्दी, खोकला, ताप हे थंडीत प्रत्येक घरात चाललेलंच असतं, त्यामुळे तापाचं औषध देऊन मी कामावर गेले. सासूबाई तिला मांडीवर घेऊन शेकोटीजवळ बसत. ऊब मिळावी म्हणूनच. त्या धुराचा विचार तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच मनात आला नाही.

बुधवारी ८ तारखेला जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं. बाहेर वीस-पंचवीस माणसं. आमचा नंबर आला तेव्हा ओवीच्या अंगात दोन स्वेटर होते, त्यांच्यावरूनच नळी लावली गेली. "व्हायरल आहे, साथ चालू आहे." वाफ दिली, खोकल्याचं आणि तापाचं औषध लिहून दिलं. तपासणी आणि वाफ ४५० रुपये, औषधं ६२०. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आता वाटतं. स्वेटर काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही स्वतःहून काढले नाहीत.

गुरुवारी ओवीने खेळणं सोडलं. भाताचे दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं. पण खोकला मात्र कमी झाला होता, आणि आम्ही त्यावरच समाधान मानलं. "आज खोकत नाही बघ," असं मी ह्यांना दोनदा तरी म्हणाले असेन. रात्री ताप १०३ वर गेला. झोपेत प्रत्येक श्वासाच्या शेवटी ती बारीक 'अं' करत होती. आम्हाला वाटलं, तापाने कण्हतेय.

माझी धाकटी नणंद येवला तालुक्यात आशाताई आहे. रात्री सव्वाअकराला तिला व्हिडिओ कॉल केला, तोही तापाचं औषध लवकर दिलं तर चालेल का एवढंच विचारायला. तिने मला बोलूच दिलं नाही.

"वहिनी, खोकला-ताप राहू द्या. तिचा स्वेटर काढा, झबलं वर करा आणि मला पोट दाखवा."

"अगं, केवढी थंडी आहे."

"दोन मिनिटं. काढा तुम्ही."

मी काढलं. फोन ह्यांनी धरला, बॅटरी सासऱ्यांनी.

"आता घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजा. पोट वर आलं की एक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान पोरांचा श्वास सारखा नसतो. रडत असेल किंवा पीत असेल तर मोजायचं नाही."

मी अठ्ठावन्न मोजले. तिने पुन्हा मोजायला लावले, या वेळी साठ भरले. मग ती म्हणाली, "आता मोजू नका, नुसतं बघा. श्वास आत घेताना छातीच्या खाली काय होतंय?"

ते मी आजही डोळे मिटले की बघू शकते. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. ओवीची शेवटची बरगडी जिथे संपते तिथली कातडी आत जात होती आणि दोन्हीकडे खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. आमच्याकडे 'पोट उडतंय' म्हणतात ते हेच. हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण डोळ्यांनी कधी नीट बघितलं नव्हतं. दिवसभर ते दोन स्वेटरांखाली चाललेलं होतं आणि आम्ही खोकला मोजत होतो.

नणंदेने सांगितलेले आकडे इथे लिहून ठेवते. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. तापातही श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजून बघतात. पण छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, कण्हत असेल किंवा सुस्त पडलं असेल, तर ताप उतरायची वाट बघत बसायचं नाही.

हे शिक्षण तिला आशाच्या प्रशिक्षणात मिळालं. दर हिवाळ्यात न्यूमोनियाची 'सांस' मोहीम असते, तेव्हा उजळणीही होते. नंतर दवाखान्यात रात्री जागताना तिने मला गडचिरोलीची गोष्ट सांगितली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे गावातल्या बायाबापड्यांना बालन्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. ज्यांना शंभरपर्यंत मोजता येत नव्हतं अशा दायांसाठी एक साधन बनवलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी. त्या भागात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले आणि १९९० साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. माझ्याकडे पदवी आहे, हातात मोबाइल आहे, त्यात सेकंदाचा काटा आहे. मला एक मिनिट मोजायचं माहीत नव्हतं.

"वहिनी, सकाळची वाट बघू नका. निघा."

सासूबाई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करत होत्या. "रात्रीचं थंडीवाऱ्यात पोराला कुठं नेताय, उजाडू द्या," असं एकदाच म्हणाल्या. मी त्यांना ते पोट दाखवलं. मग त्यांनीच आपली शाल काढून दिली आणि डाळीच्या डब्यातले चार हजार ह्यांच्या खिशात घातले.

तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा शुक्रवार लागून दोन तास झाले होते. डॉक्टर वरच राहतात, खाली आले. पहिल्यांदा कपडे काढले, मग स्वतः मोजलं, मग पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. ९० दाखवलं. घरी आमच्याकडे कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र होतं, ते गाडीत लावलं होतं तर कधी ९७ दाखवी, कधी ८४. डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्यांचं ते यंत्र एवढ्याशा बोटावर नीट बसत नाही, त्याच्या आकड्यावर लहान मुलाचं काही ठरवू नका.

दहा हजार अनामत भरली. सुई तिसऱ्या प्रयत्नाला लागली. हात हलू नये म्हणून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधला. नाकाला ऑक्सिजनची नळी. पहाटे ३.१० ला पहिलं अँटिबायोटिक. सकाळी एक्स-रे झाला, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा पॅच. पांढऱ्या पेशी २४ हजार. डॉक्टर म्हणाले, "निदान मी रात्रीच केलं होतं, एक्स-रे किती भाग आहे ते बघायला काढला." खोकल्याचं औषध त्यांनी बंद केलं. त्याने न्यूमोनिया बरा होत नाही, असं सांगितलं.

मी पतसंस्थेत काम करते, नोंदी ठेवायची सवय आहे. नवी वही काढली आणि रकाने पाडले. वेळ, ताप, श्वास, ऑक्सिजन, लघवी, पोटात काय गेलं. पहिल्या पानावर डॉक्टरांचं वाक्य लिहिलं: "४८ ते ७२ तासांत ताप उतरायला लागला पाहिजे. नाही उतरला तर पुढचा विचार करायचा." पहिल्या इंजेक्शनची वेळ लिहिलेली असल्यामुळे ते तास कधी संपतात हे आम्हाला ठाऊक होतं. हा वहीचा सगळ्यात मोठा उपयोग झाला. तुम्हीही पहिलं काम हेच करा, पहिल्या डोसची वेळ लिहा.

खाण्यासाठी जबरदस्ती करू नका असंही तिथेच कळलं. श्वास इतका जलद असताना चमच्याने दूध ओतलं तर ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोकं उंच ठेवून घोट घोट पाणी, मऊ भाताची पेज, बाकी सलाईन.

शनिवारी श्वास ५० वर आला, आम्हाला हायसं वाटलं. रविवारी तिथेच अडकला. ताप मात्र रोज संध्याकाळी १०३.

सोमवार १३ जानेवारी, भोगी. घरून नणंद बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन आली होती, डबा तसाच राहिला. ओवीला मी उठवून बसवलं तर ती उजवीकडे कलून बसली. सरळ केलं की रडायची, सोडलं की पुन्हा उजवीकडे कलायची. मला वाटलं अशक्तपणाने असेल. डॉक्टरांनी ते बघितलं आणि काही न बोलता तिच्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टिचकी मारली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मला म्हणाले, "ऐका." डावीकडे पोकळ आवाज आला. उजवीकडे काठोकाठ भरलेल्या माठावर टिचकी मारल्यासारखा, बद्द. दुखऱ्या बाजूला मूल असं कलतं, ते त्यांनी नंतर सांगितलं.

पुन्हा एक्स-रे, मग छातीची सोनोग्राफी. फुप्फुसाभोवती पाणी जमलं होतं, त्याचा पू व्हायला लागला होता आणि त्यात जाळी धरली होती. डॉक्टर सरळ बोलले. "औषध चुकलं असं नाही, काही मुलांत असं होतं. नळी टाकून हे काढावं लागेल. माझ्याकडे ती सोय नाही. मुलांचा अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक दोन्ही असतील अशा ठिकाणी आजच न्या." त्यांनी स्वतः नाशिकला फोन करून खाट आहे का विचारलं. माझ्याकडे सोय नाही हे त्यांनी वेळेत सांगितलं, याचं मोल मला पुढच्या दोन दिवसांत कळलं.

इथलं बिल ३८,६०० झालं, औषधांचे ७,२०० आणि तपासण्यांचे ४,१५० वेगळे. हा दवाखाना योजनेत नव्हता. पाच हजार कमी पडत होते, ते ह्यांनी ज्यांच्याकडे हिशेब लिहितात त्या आडत्याकडून आणले. १०८ ला फोन केला, पाऊण तासात ऑक्सिजन असलेली गाडी आली, तिचे पैसे लागत नाहीत. निघताना एक्स-रेच्या फिल्म, सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट आणि कोणतं इंजेक्शन कधी दिलं याची यादी डॉक्टरांच्या सहीने घेतली. ही यादी मागून घ्या. नाशिकला पहिला प्रश्न तोच आला.

आता योजनेचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरीच नव्हे, पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याचा वेगळा काउंटर असतो. आधी केस पेपर काढायला रांगेत उभं राहू नका, एक माणूस मुलाबरोबर आणि एक सरळ त्या काउंटरला. १५५३८८ हा योजनेचा क्रमांक आहे, जवळचा दवाखाना योजनेत आहे का ते तिथे विचारता येतं. फुप्फुसाभोवती पू झालेला न्यूमोनिया यादीत बसतो असं आरोग्यमित्राने बघून सांगितलं. मग त्याने रेशनकार्ड हातात घेतलं आणि विचारलं, "मुलीचं नाव कुठंय?"

नाव नव्हतं. सव्वादोन वर्षांत आम्ही ते घातलंच नव्हतं. कार्डावर सासू-सासरे आणि आम्ही दोघं, एवढी चारच नावं. माझ्या पोटात गोळा आला. तो मुलगा पंचविशीचा असेल, शांत होता. म्हणाला, "ताई, घाबरू नका. जन्मदाखला आणा आणि आईबरोबर फोटो काढू, त्यावर होतं." पण पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी होते, ओवी सिन्नरला झाली, दाखलाही माहेरच्या कपाटात. भावाला फोन केला, तो मोटारसायकलवर तासाभरात घेऊन आला. तोवर तातडीची केस म्हणून फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू झाले होते, कागद मागून द्यायचे होते. नाकात नळी असलेल्या ओवीबरोबर माझा फोटो काढला गेला. तिच्या माझ्या फोटोंमध्ये तो एकच आहे जो मी अजून उघडलेला नाही.

१४ ला सकाळी योजनेच्या कार्यालयाकडून शंका आली, सोनोग्राफीची प्रत पुसट आहे. पुन्हा स्कॅन करून पाठवली. पक्की मंजुरी १५ च्या संध्याकाळी आली. मधल्या काळात बाहेरून आणलेल्या औषधांचे ६,३४० रुपये आम्ही भरले होते. मूळ पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून ते नंतर परत मिळाले. दुकानातून औषध घेताना पावतीवर रुग्णाचं नाव आणि तारीख घालून घ्या, नुसत्या चिठ्ठीवर काही होत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत. नळी टाकायची होती. संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी सहीआधी डॉक्टरांना ते मराठीत समजावून सांगायला सांगितलं, त्यांनी वेळ काढून सांगितलं. बरगड्यांच्या मधून नळी घालायची, मुलीला गुंगी देणार. पू घट्ट असेल तर तो पातळ करणारं औषध नळीतून आत सोडायचं. त्यानेही नाही निघालं तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. टीबीची तपासणीही करणार होते, तो शब्द ऐकून ह्यांनी भिंतीला हात टेकला. (ती नंतर निगेटिव्ह आली.) सव्वा तास आम्ही बाहेर होतो. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आजीने सगळ्या नातेवाइकांच्या हातावर तिळाचा एकेक लाडू ठेवला, माझ्याही. कोणी काही बोललं नाही.

पहिल्या दिवशी २१० मिली निघालं. ताकाच्या भांड्याच्या तळाशी बसतं तसं घट्ट, पिवळट.

त्या नळीचं दुसरं टोक खाटेखाली एका बाटलीत, पाण्यात बुडवलेलं असतं. हवा बाहेर यावी, पण परत आत जाऊ नये म्हणून ती सोय. नर्सबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. बाटली कधीही मुलाच्या छातीच्या वर उचलायची नाही, आणि नळी मुडपली जात नाही ना ते बघायचं. तिसरी गोष्ट मी स्वतः शिकले. ओवीने श्वास घेतला की नळीतलं पाणी बोटभर वर चढायचं, सोडला की खाली. मी रात्री खाली सतरंजीवर पडून ते पाणी बघत असे. पांघरूण काढावं लागत नव्हतं, पोट बघावं लागत नव्हतं. पाण्यावरून श्वास मोजता येत होता. १४ च्या रात्री ४८. १५ ला ४४. १६ च्या पहाटे एकदम पाणी हलेनासं झालं. मी धावत जाऊन नर्सबाईंना उठवलं. नळी ओवीच्या अंगाखाली दुमडली होती, सरळ केल्यावर पाणी पुन्हा हलायला लागलं.

पू पातळ करणारं औषध दिवसातून दोनदा, तीन दिवस दिलं. ते सोडलं की चार तास नळी बंद ठेवत, त्या वेळी ओवीला दुखायचं. आधी वेदनाशामक द्यायला सांगा, आपण न सांगताही देतात, पण सांगा. नळी असलेलं मूल दुखतं म्हणून उथळ श्वास घेतं, आणि खोल श्वास घेतल्याशिवाय फुप्फुस उघडत नाही.

१६ ला ऑक्सिजन निघाला. १७ ला सकाळी ताप ९९. मी तीन वेळा थर्मामीटर लावला. १८ ला तापच नव्हता. पुवाच्या तपासणीत जंतू उगवला नाही, कारण आधीच अँटिबायोटिक चालू होतं, असं बऱ्याचदा होतं म्हणाले. २० तारखेला नळी काढली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतःहून मागितलं, "भात."

इंजेक्शनं २४ पर्यंत चालली. हा आठवडा मला सर्वांत जड गेला, कारण मूल बरं दिसत होतं आणि घरी सोडत नव्हते. ह्यांचे कामावर खाडे होत होते, दोन माणसांचं जेवणखाण, जाणं-येणं. रुग्णाचं जेवण योजनेतून मिळतं, आमचं आम्हाला बघावं लागलं. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, चार दिवस आधी सोडलं तर? ते म्हणाले, पू एकदा झालेला असला की औषधाचा काळ लांबच असतो, अर्धवट सोडलं तर पुन्हा इथेच यावं लागेल. आम्ही थांबलो.

२४ जानेवारीला सकाळी अकराला घरी सोडतो म्हणाले, कागद हातात पडायला साडेपाच वाजले. शेवटची बस चुकेल म्हणून आधीच गाडी सांगून ठेवू नका, वाट बघण्याचं भाडं लागतं.

घरी दोन आठवडे तोंडाने औषध होतं. पावडरची बाटली असते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, मग ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून नवी बाटली फोडायची. माझ्या जावेने एकदा ती ओट्यावर ठेवली होती, मी औषधवाल्याला विचारून बाटली बदलली.

खोकला तीन आठवडे राहिला. याने आम्ही पुन्हा घाबरलो होतो, पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की खोकला सगळ्यात शेवटी जातो, बघायचं ते श्वास, ताप आणि खाणं. व्यायाम म्हणून साबणाचे फुगे. वीस रुपयांची बाटली आणि कागदाचं भिरभिरं. दिवसातून चार वेळा अंगणात. पहिल्या दिवशी तिच्या फुंकरीने फुगा काडीवरच फुटायचा. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती तुळशीवृंदावनाच्या पलीकडे फुगे सोडायला लागली.

१ फेब्रुवारीला पहिली फेरी, मग ८ मार्चला एक्स-रे. मधे काढायचा नाही असं बजावलं होतं, कारण मूल बरं झालं तरी फिल्म साफ व्हायला आठवडे लागतात. ८ मार्चचा एक्स-रे साफ होता, उजवीकडे खाली एक बारीक रेघ राहिली आहे, ती हळूहळू जाते म्हणाले. आता ओवी सरळ बसते.

सगळा हिशेब केला तर आमच्या खिशातून ६५,४२० रुपये गेले. त्यातले जवळपास पन्नास हजार पहिल्या तीन दिवसांचे. योजना नसती तर पुढच्या अकरा दिवसांचा आकडा आम्हाला झेपला नसता. सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात थेट गेलो असतो तर तेही वाचले असते. पण त्या रात्री सर्वांत जवळ जे होतं तिथे आम्ही गेलो, आणि त्याबद्दल मला खंत नाही.

खंत लसीची आहे. नाशिकला लसीकरण कार्ड मागितलं तेव्हा न्यूमोकोकलच्या (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धच्या लसीच्या) रांगेत दीड महिन्याचा आणि साडेतीन महिन्यांचा डोस होता, नऊ महिन्यांचा चौकोन कोरा. त्या दिवशी तिला ताप होता म्हणून परत पाठवलं होतं. पुढच्या महिन्यात गोवराची लस घेतली आणि ही राहिली, मीही कार्ड नीट बघितलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं, तो डोस असता तर हे टळलं असतं का? ते म्हणाले, न्यूमोनिया अनेक जंतूंनी होतो, ओवीचा कोणता ते कळलंच नाही, त्यामुळे सांगता येणार नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण तो कोरा चौकोन माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आज रात्री कपाटातून कार्ड काढा आणि प्रत्येक रांग बोट ठेवून बघा. ओवीची राहिलेली लस एप्रिलमध्ये झाली.

घरातही बदल झाले. शेकोटी आता गोठ्याच्या पलीकडे पेटते आणि तिथे पोरांनी जायचं नाही हे सासूबाईच दटावून सांगतात. सासरे विडी ओढायला वेशीपर्यंत जातात. मी कोणालाच काही म्हणाले नव्हते.

रेशनकार्डात नाव घालायला तहसील कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यांदा साहेब बैठकीला गेले होते. लग्नाच्या नोंदणीची प्रत जोडली, आणि २१ एप्रिलला पाचवं नाव लागलं. त्या कार्डाची एक प्रत वहीच्या मागच्या खिशात आहे, एक मोबाइलमध्ये, एक भावाकडे सिन्नरला.